हाळी आणि ओ

लिफ्टचा माणूस शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरला, की वरच्याने हाक मारायची, "शाफ्टमध्ये कोण आहे?" आणि खालच्याने स्वतःच्या तोंडाने "मी आहे" म्हणेपर्यंत लिफ्ट बोटभरही हलवायची नाही. वस्तादांनी पक्कडला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं आणि चहा आणायला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी या नियमाला पोटनियम जोडला: दुसऱ्याच्या वतीने ओ द्यायची नाही. "अहो, तो ठीक आहे, मघाशीच तर बोलला," असं म्हणणारे लोक स्वभावाने फार प्रेमळ असतात, असं वस्ताद सांगायचे, आणि त्यांच्यामुळेच माणसं चेंगरतात.

पक्कड हे नावही वस्तादांनीच ठेवलेलं. पोरीने एकदा धरलं की सोडत नाही म्हणून. आता ती एकटीच्या जिवावर सहा इमारतींच्या लिफ्ट सांभाळत होती, आणि वर 'शाफ्ट'ही सांभाळत होती. शाफ्ट म्हणजे गावोगावच्या लिफ्टवाल्यांचा ऑनलाइन कट्टा. कोणाचा ब्रेक कुरकुरतोय, कोणाचं दार अर्धवट उघडतंय, कोणाचा साहेब अर्धवट आहे, सगळी दुखणी तिथे यायची.

कट्ट्यावर माणसं होती त्याच्या निम्मे बॉट, म्हणजे आपोआप लिहिणारे प्रोग्रॅम, होते, आणि बहुतेक पक्कडनेच रिकामपणी लिहिलेले. कोणी 'वर' हा शब्द लिहिला की एक बॉट ताबडतोब "खालीही बघा" असं बजावायचा. दुसरा फोटोतल्या लोखंडी दोरांच्या तारा तपासायचा. एकाने भाचीचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो टाकला, तर त्याने तिच्या वेण्यांवर "दोर झिजला आहे, त्वरित बदला" असा शेरा मारला. भाचीची आई दोन दिवस धुसफुसली आणि मग तिने मुलीचे केस कापून आणले. बॉटचा सल्ला कोणी मानल्याचं हे एकमेव उदाहरण. लोक या बॉटना शिव्या द्यायचे, पण एखादा बंद पडला की "आपला तो कुठे गेला?" म्हणून विचारायचेही.

सगळ्यांत कटकटी होती हाळी. ती मात्र वस्तादांच्या सांगण्यावरून आली होती. कट्ट्यावर रोज सकाळी हवामान सांगणारे एक काका होते. ते वारले, आणि वर्षभर कोणाला पत्ताच नाही. लोक त्यांच्या जुन्या अंदाजांखाली भांडत राहिले. वस्तादांच्या ते मनाला लागलं. "आपण लिफ्टवाले," ते म्हणाले, "आणि आपल्यातला माणूस शाफ्टमध्ये राहून जातो? लाज वाटली पाहिजे."

म्हणून हाळी. जो सभासद महिनाभर गप्प, त्याला ती सगळ्यांदेखत हाक मारायची, "शाफ्टमध्ये कोण आहे?" तीन सकाळी तीन हाका. तिसरीलाही ओ आली नाही, तर चौथ्या सकाळी काळी चौकट, त्यात "शाफ्ट रिकामा आहे", आणि खाली श्रद्धांजलीसाठी मोकळी जागा. एक जण सुट्टीवर गेला तो परत येऊन बघतो तर मेलेला. त्याने ती चौकट काढू दिली नाही. म्हणाला, घरी माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोलत नाही, राहू दे.

पण बाकीचे वैतागले. सुतकात, लग्नात, दातांच्या डॉक्टरकडे तोंड वासून बसलेलं असताना ही बया हाक मारणार. तेव्हा पक्कडने गंमत म्हणून आणखी एक बॉट लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'ओ'. तो खात्याला जोडला, की हाळीला परस्पर उत्तर जायचं. हाळीला संशय येऊ नये म्हणून तिने त्यात पन्नासेक वाक्यं भरली: "आहे रे बाबा." "आहे, मरायला वेळ कुठाय?" "आहे, जेवतोय." तिने ओ कट्ट्यावर सगळ्यांना वाटली, हवी त्याने जोडून घेतली, लोकांनी तिचे आभार मानले, आणि कट्ट्यावर एकदम सगळे जिवंत झाले.

वाटताना आपण काय वाटतोय, याचा विचार पक्कडने केला नव्हता. तो तिने एका दुपारी केला. एका ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर, मशीन रूममध्ये, उलट्या डब्यावर बसून ती डबा खात होती. समोर लिफ्टची मोटर थंड होत होती. हात काळे होते म्हणून बोटाच्या पेराने ती फोन सरकवत होती. त्या सकाळी हाळीने वस्तादांना हाक मारली होती आणि वस्तादांची ओ आली होती: "आहे. हात ग्रीसचे आहेत, पेराने लिहितोय."

तिने सवयीने खाली लिहिलं, "जपा वस्ताद." आणि पेर तिथेच थांबलं.

वस्ताद ग्रीसच्या हाताने फोनला शिवत नसत. आधी साबण लावून दोनदा हात धुवायचे, पंच्याने पुसायचे, मग फोन. पेराने लिहायची ती. ते वाक्य तिचं होतं, तिनेच ओमध्ये भरलेलं.

ती मागे जात राहिली. मागच्या महिन्यात, "आहे रे बाबा." त्याच्या मागे, "आहे, जेवतोय." त्याखाली तिचंच, "सावकाश जेवा वस्ताद, घाई नाही." थंडीपासून वस्तादांनी लिहिलेला एकही शब्द वस्तादांचा नव्हता. इतके महिने ती स्वतःलाच जपायला सांगत होती.

फोन लावला तर बंद. तिने डबा तसाच झाकला.

वस्तादांच्या इमारतीत तळमजल्यावर लिफ्टच्या दाराला 'बंद' अशी पाटी होती. सातवा मजला जिन्याने चढायचा होता. तिसऱ्यावर पिशव्या टेकवून दम खात बसलेल्या एका काकूंनी तिच्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं.

"लिफ्टसाठी आलात?"

"नाही. सातव्यावर, वस्तादांकडे."

"त्यांना सांगा, लिफ्टवाला राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही म्हणून लोक हसतात आम्हाला. दार वाजवलं तर आतून म्हणतात, जिना वापरा."

"आतून म्हणतात?" पक्कड एकदम म्हणाली. "कधी?"

"परवाच की. का हो?"

उरलेले चार मजले पक्कडला चढल्यासारखे वाटलेच नाहीत.

दार वस्तादांनीच उघडलं. दाढी वाढलेली, गंजीफ्रॉक उलटा. खोलीत सगळं जागच्या जागी होतं. फक्त हत्यारांची पेटी पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सारलेली होती.

"का आलीस? मी आहे असं आलं नाही का आज?"

"आलं. माझ्याच वाक्यात आलं."

"चांगलं होतं," वस्ताद म्हणाले. "मागचं 'जेवतोय' मला नाही आवडलं. मी जेवत नव्हतो."

ती खुर्चीवर बसली.

"कोणी येऊ नये म्हणूनच तर तुझी ओ लावली," वस्ताद म्हणाले. "उत्तर येतंय तोवर कोणी येत नाही. फार उपयोगी वस्तू केलीस तू."

ते पलंगाच्या कडेला टेकले. मग त्यांनीच सांगितलं. त्यांचा कामातला जोडीदार थंडीत गेला, हे पक्कडला माहीत होतं. आयुष्यभर वस्ताद वर मशीन रूममध्ये आणि जोडीदार खाली शाफ्टमध्ये. हॉस्पिटलच्या पलंगावर गेला, चांगल्या चादरीवर, शाफ्टच्या बाहेर. त्याबद्दल वस्तादांची तक्रार नव्हती. पण त्यानंतर महिन्याने हाळीने त्याला हाक मारली.

"तीन दिवस, पक्कड. रोज सकाळी. जोडीदार, शाफ्टमध्ये कोण आहे? मी फोन घेऊन बसायचो. त्याचं खातं कसं उघडायचं ते मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपणच द्यावी ओ. काय बिघडतं?"

"दिली नाहीत."

"नियम माझा आहे ना." ते हसले, पण ते हसणं ओठांपलीकडे गेलं नाही. "चौथ्या दिवशी चौकट आली. मी म्हटलं, आता मला हाक नको कोणाची. मी हाक मारली तर ओ द्यायला कोणी नाही, मग मी तरी कशाला देऊ?"

पक्कडला म्हणायचं होतं, मी आहे ना. पण हे वाक्य तिने आधीच तीसेक जणांना फुकट वाटलं होतं. ती म्हणाली, "मी ओ बंद करतेय. तुमचीही आणि सगळ्यांचीही."

"आणि मग?"

"मग हाळी हाक मारेल. तुम्हाला द्यायची तर द्या."

"नाही दिली तर?"

"तर चौकट."

"तू आवरशील तिला. सगळ्या किल्ल्या तुझ्याकडे आहेत."

"नाही आवरणार," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या वतीने नाही."

वस्तादांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "ओ वाटलीस तेव्हा नापास होतीस. आता काठावर पास."

ओची आजवरची उत्तरं बाद धरली, तेव्हा हाळीच्या लेखी वस्ताद थंडीपासून गप्प होते. दुसऱ्याच दिवशी पहिली हाक आली. पक्कड कामावर जाण्याआधी जिना चढून आली, टेबलावर पाव ठेवला आणि बसून राहिली. वस्तादांनी हाक वाचली, फोन पालथा घातला. दुसऱ्या सकाळी तसंच. तिसऱ्या सकाळी त्यांनी हाक वाचलीही नाही. कट्ट्यावर लोक लिहू लागले होते, "वस्ताद, अहो, ओ द्या." पक्कडचे हात शिवशिवत होते. 'मी आहे', तीन अक्षरं, इतकंच तर लिहायचं होतं.

"हात गुडघ्यावर," वस्ताद खिडकीकडे बघत म्हणाले.

तिने हात गुडघ्यावर ठेवले.

चौथ्या सकाळी चौकट आली. शाफ्ट रिकामा आहे. ती वाचून पक्कडने समोर चहात पाव बुडवणाऱ्या वस्तादांकडे एकदा बघून घेतलं. वस्तादांनी चष्मा लावून चौकट वाचली, मग खालचं वाचू लागले.

"हा म्हणतो, माझा आवाज गोड होता. याने मला कधी ऐकलंय?"

"लिहितात लोक."

"हा बघ. 'वस्ताद वर गेले, यावर विश्वास बसत नाही.' आणि खाली तुझा तो बॉट. 'खालीही बघा.'"

वस्तादांच्या खांद्यांना हसू फुटलं, पण ते तोंडापर्यंत पोचण्याआधी डोळ्यांत गेलं, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. पुढे वाचता वाचता त्यांची मान ताठ झाली.

"हे कोण?"

एका नवख्याने लिहिलं होतं: 'वस्तादांनी एकदा इथेच सांगितलं होतं, दार उघडं ठेवलं की लिफ्ट हलत नाही, मेन स्विच बंद करायची गरज नाही. मी रोज तसंच काम करतो. हे त्यांचं वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.' खाली कितीतरी लोकांनी हात जोडले होते.

"हे मी म्हणालो?" वस्तादांचा आवाज चढला. "मी? दाराचा स्विच चिकटतो! मग दार उघडं असलं तरी लिफ्ट निघते! मरेपर्यंत विसरणार नाही म्हणतो गाढव, लांब नाही ते!"

"वस्ताद, मी लिहू का त्याला?"

"तू गप्प बस. माझ्या नावावर मरतोय तो."

ते उठले. नळाखाली हात धरले, साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. पंच्याने एकेक बोट पुसलं. मग फोन घेतला आणि एका बोटाने, दात-ओठ खात लिहिलं: 'मी असं कधीच म्हणालो नाही. मेन बंद. त्याला कुलूप. किल्ली स्वतःच्या खिशात. मग उतरायचं. दारावर भरवसा ठेवू नका.'

हाळीचं उत्तर लगेच आलं: 'हा सभासद मृत आहे. कृपया मृताच्या नावाने लिहू नये.'

"हिला तू लिहिलंस?"

"मीच."

"उद्धट आहे," वस्ताद म्हणाले आणि पुन्हा बोट चालवू लागले. 'शाफ्टमध्ये माणूस आहे. लिफ्ट हलवू नका.'

हाळीला मुळात एकच गोष्ट नीट येत होती. शाफ्टमध्ये माणूस म्हटल्यावर तिने तीच केली: 'शाफ्टमध्ये कोण आहे?'

वस्तादांचं बोट हवेत थांबलं. पक्कडचे हात गुडघ्यावर होते. तिने ते इतके दाबून धरले होते की नखं पांढरी पडली होती. मग वस्तादांनी लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हटलंही, सवयीने, सात मजले खाली ऐकू जावं अशा आवाजात.

"मी आहे!"

दार उघडंच होतं. जिन्यावर कुठेतरी खालून काकूंचा आवाज आला, "आहात तर मग लिफ्टचं बघा ना जरा!"

वस्तादांनी फोन टेबलावर ठेवला. मग गुडघ्यावर बसून त्यांनी पलंगाखालून पेटी ओढायला सुरुवात केली. ती जड होती. पक्कडने दुसरी कडी धरली.

"मशीन रूमला तू जा," ते म्हणाले. "आज खाली मी उतरतो. उतरलो की हाक मार."