ठमाबाईंनी दिलेली वाफ

रिदाकडे आता एकच प्लेट उरली होती, आणि बाहेरच्या परीक्षक बाई अकराला येणार होत्या.

प्लेट म्हणजे जेवायची नव्हे हो. पांढऱ्या भुकटीचा थर दिलेली बोटभर लांबीची पट्टी. सुरगाण्याहून आणलेल्या मुळीचा अर्क तिच्यावर चढवायचा, आम्लाचा फवारा मारायचा आणि विजेच्या शेगडीवर शेकायची. मुळी अस्सल असेल तर जांभळा ठिपका उठणार. ठिपका दिसला तर एम. फार्म. झालं, नाही दिसला तर बसा अजून सहा महिने गंगापूर रोडच्या या कॉलेजात चकरा मारत.

पहिल्या प्लेटचं तिनं स्वतःच वाटोळं केलं होतं. घाईघाईनं उचलली, तर ठिपका कुठला, नुसती कोरी. परत ठेवली आणि तेवढ्यात अम्मीचा फोन आला, डबा खाल्लास का म्हणून. डबा तसाच राहिला, प्लेटचा मात्र कोळसा झाला.

म्हणून या वेळी तिनं फोन बंद केला आणि डोळ्यांत तेल घालून शेगडीपुढे उभी राहिली. जांभळा ठिपका उठायला लागला. पण त्याच्याबरोबर सगळी प्लेटच गुलाबी व्हायला लागली! ठिपका त्यात बुडत चालला.

तिचे गाईड खैरनार सर परीक्षक बाईंना आणायला निघाले होते. तोंडावर मास्क तसाच. दारातूनच ओरडले, "उचल, उचल! वाफ जाऊ दे!"

रिदानं प्लेट उचलून टेबलावर ठेवली आणि वही आणायला पळाली. प्रयोगशाळेत भांडी धुणाऱ्या ठमाबाईंना मास्कमधून एवढंच ऐकू आलं होतं: वाफ दे. आता वाफ द्यायची म्हटल्यावर ठमाबाईंना काय शिकवायचं? शेजारच्या शेगडीवर भांड्यात पाणी खळखळत होतंच. त्यांनी चिमट्यात प्लेट धरली आणि दिली वाफ.

रिदा परत आली ती किंचाळतच. "या अल्लाह! मावशी, काय केलंत हे? माझी शेवटची प्लेट! मेले मी, मेले!" तिला खरंच रडू फुटलं.

"वरडू नको गं पोरी. बघ तरी आधी," ठमाबाई म्हणाल्या. चिमटा काही हलवला नाही.

रिदानं डोळे पुसून बघितलं. गुलाबी रंग फिका पडत पडत गेला होता, आणि ठिपका असा ठसठशीत, पिकल्या जांभळागत.

तेवढ्यात परीक्षक बाई आत आल्या, मागे सर. बाईंनी प्लेट उजेडात धरली. "वा! वाफ दिलीत? ही युक्ती हल्ली कुणाला ठाऊक नसते. कोणाला सुचलं?"

सर घसा खाकरून पुढे सरकले. रिदाच्या मनात आलं, आपलंच नाव सांगावं की काय? पण जीभ रेटेना. "मॅडम, मला माहीतच नव्हतं. ठमामावशींनी दिली."

बाईंनी चष्म्यावरून तिघांकडे एकेकदा पाहिलं. मग हसून सही ठोकली. "पास! पण कृतीत हे लिहा हं. किती वेळ वाफ दिली?"

"दोन मिनिटं," रिदानं अंदाजानं लिहायला घेतलं.

"दोन नाय, तीन," ठमाबाई म्हणाल्या. "एक मिनिट तं तू नुसती बोंबलतच व्हतीस."