दोघांच्या गोळ्या

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायची, म्हणून सगळे तिला भिंगवाली म्हणत. डब्याबरोबर ती स्टीलची एक बाटली नेई. तिच्यातले दारूचे दोन घोट पोटात गेल्याशिवाय तिला चाकावर काच धरवत नसे. आधी फक्त संध्याकाळी घ्यायची, मग दुपारीही. कधी वाढलं ते तिलाच कळलं नाही.

नवरा रंगाच्या कंपनीचा विक्रेता. तो उजळ माथ्यानं प्यायचा. "धंदा म्हटला की बसावं लागतं," असं सासूबाईच लोकांना सांगत आणि सकाळी त्याच्या उशाशी लिंबूपाणी नेऊन ठेवत. सून पिते हे कळलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

सहा आठवड्यांपूर्वी दुकानातले एक जुने कारागीर निवृत्त झाले. निरोपाला बाटल्या आल्या. भिंगवालीनं आपल्या सरबतात गुपचूप दारू ओतून घेतली, एकदा नाही, चारदा. कारागिरांचं भाषण तिला आठवत होतं, टाळ्या आठवत होत्या. चष्म्याच्या फ्रेम पुरवणारा व्यापारी शेजारी सरकून बसला, तेही आठवत होतं. त्यानंतर एकदम खोक्यांच्या खोलीतला सोफा, आणि घड्याळात दोन तास पुढे गेलेले. कुडत्याचं वरचं बटण खालच्या काजात अडकलं होतं. तिनं ते नीट लावलं, तोंड धुतलं आणि घरी जाऊन भांडी घासली.

मग ओटीपोटात दुखायला लागलं, अंगावरून जायला लागलं. अर्धी सुट्टी टाकून ती दवाखान्यात गेली. सिस्टर फॉर्म भरत होती. वय विचारलं, लग्न विचारलं, मुलं विचारली. दारूच्या रकान्यापाशी आली आणि न विचारताच तिनं 'नाही' लिहिलं.

"सिस्टर, तिथं 'हो' लिहा."

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, उठून दार लोटून घेतलं. मग भिंगवालीनं सगळं सांगितलं, बटणासकट. आजवर हे ती कुणाशीच बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "मी काही केलं का, तेच मला माहीत नाही."

"शुद्ध नसलेल्या बाईनं काही केलेलं नसतं," सिस्टर म्हणाली. "केलं असेल तर दुसऱ्यानं केलं. तक्रार द्यायची असेल तर मी बरोबर येते."

"कशाची देऊ? मला आठवतच नाही."

सिस्टरनं सुस्कारा सोडला. "इथं पुरुष येतात ना, ते पिऊन कुठं कुठं गेलो ते बोटांवर मोजून सांगतात. काही तर हसतात. बाई प्यायली की तिलाच शोधत कुणीतरी येतं. आणि विचारलं की ती आधी स्वतःची चूक सांगते."

तपासणीत संसर्ग निघाला. आठवडाभर गोळ्या, नवरा-बायको दोघांनी, आणि दोघांचा कोर्स पुरा होईपर्यंत जवळीक नाही. "त्यांनी घेतल्या नाहीत तर तुम्हाला पुन्हा होईल," सिस्टरनं बजावलं. "बायकांना हे आतल्या आत पोखरतं. अंगावर काढू नका."

औषधाच्या दुकानदारानं चिठ्ठी वाचली. "पुन्हा? तुमच्या साहेबांनी हाच कोर्स दोन महिन्यांपूर्वी नेला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं, घरात दोघांनी घ्यायला हवा."

दोन महिने म्हणजे निरोपाच्या आधी. तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. ते दोन तास तर तसेच राहिले होते.

रविवारी दुपारी तिनं गोळ्यांची पट्टी नवऱ्यापुढे ठेवली. "ह्या तुमच्या."

कसल्या, असं त्यानं विचारलं नाही. "माझ्या घेऊन झाल्यात," एवढंच म्हणाला.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगण्यासारखं काय? प्यायलेला होतो. होतं माणसाकडून." त्यानं वर्तमानपत्राची घडी घातली. "तू शुद्धीत असतेस ना? की त्या बाटलीत पाणी असतं?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं. अशाच एखाद्या दिवसासाठी त्यानं ते राखून ठेवलं होतं.

"निरोपाच्या दिवशी कुठं होतीस ते सांग आधी. मग माझं विचार."

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "तो धंद्यासाठी पितो. तू कशासाठी गं?"

इकडे आड, तिकडे विहीर. प्यायले म्हटलं तर बदफैली ठरणार, आठवत नाही म्हटलं तर नक्कीच ठरणार. माहेरी भाऊ होता; तोही रोज प्यायचा, आणि बाईनं प्यावं हे त्याला मुळीच खपत नसे.

"दोन तास मला आठवत नाहीत," ती म्हणाली. "तसं मी दवाखान्यात सांगून आले. तुम्हाला मात्र तुमचं सगळं आठवतंय."

तो शर्ट चढवून बाहेर निघून गेला. सासूबाई हळूच म्हणाल्या, "आता हे कुणापाशी बोलू नकोस."

तिनं अंथरूण आतल्या छोट्या खोलीत नेलं. घोट बंद केले. घाम फुटायचा, अन्न नकोसं व्हायचं, तरी गोळी चुकवली नाही. आठव्या दिवशी दुपारी दारावर थाप पडली.

"झाला ना तुझा आठवडा?"

"तुमची पट्टी टेबलावर तशीच आहे."

"मी बरा आहे म्हटलं ना."

"मग मी उघडत नाही."

कडी ढिली होती. तिनं पत्र्याची पेटी ओढून दाराला लावली आणि तिच्यावर बसली. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "उघड गं, नवराच आहे ना तो?"

"बरं, घेतो गोळ्या. आता उघड."

"सात दिवस घ्या. मग."

त्याची पावलं दिवाणखान्यात गेली, खुर्ची सरकली, मग टेबलावर पेला ठेवल्याचा आवाज आला. ती पेटीवरच बसून राहिली. उद्या सकाळी कामावर जायचं होतं, आणि वाट त्याच्या खुर्चीसमोरूनच होती.