बुटात पाणी भरायला शिकवणारं पुस्तक

इकडे तिकडे काय बघता? मीच बोलतोय! बालवाडीच्या खिडकीखालच्या फळीवर पालथं पडलेलं चित्रांचं पुस्तक. पालथा असलो तरी कान उघडे आहेत.

माझ्या पोटात सगळे उपद्व्यापी प्राणी. शेळी दोरीवर वाळत घातलेला सदरा खाते, माकड झोपलेल्या वाघाच्या शेपटीला गाठ मारतं आणि हत्तीचं पिल्लू सोंडेने आपल्या बाबांच्या बुटांत पाणी भरतं. अक्षरं म्हणाल तर पानाला एक ओळ. बाकी सगळा कारभार चित्रांचा.

छापखान्यातून आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. बालवाडीच्या बाईंनी मला दुकानात उचललं, उभ्या उभ्या चाळलं आणि एकट्याच खुदकन हसल्या. तिथेच माझं नशीब उघडलं.

बाई चित्रं मुलांकडे करून मला वाचायच्या आणि पान उलटण्याआधी थांबायच्या. "सांगा बरं, आता शेळी काय करेल?"

मग काय विचारता! "चड्डी खाईल!" "ढेकर देईल!" एका पठ्ठ्याने तर माझाच कोपरा खाऊन दाखवला. एरवी ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, तीसुद्धा वाघ आला की कोपऱ्यातून गुरगुरायची.

एका सकाळी दारात एक बाप येऊन उभा राहिला. बसचा ड्रायव्हर. त्याचे बूट चालताना पचक पचक वाजत होते.

"बाई, हे काय शिकवता पोरांना? बुटात पाय घातला तो थेट तळ्यात! विचारलं तर म्हणते, पुस्तकात आहे."

त्याची लेक बाईंच्या मागे लपली. तिला सगळे चिमणी म्हणायचे. आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, धावत आल्या. त्यांच्या आवाजाला खडूसुद्धा घाबरायचे.

"तरी मी म्हणत होते! कपाटात टाका ते पुस्तक आणि कुलूप लावा."

कुलूप! माझी पानं गार पडली. त्या कपाटात जुने नकाशे आणि एक फुटकी घंटा. बोलायला कोणी नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "टाकते. पण आधी चिमणी ते बाबांना वाचून दाखवेल. बसा ना."

बसायला फक्त मुलांच्या खुर्च्या. ड्रायव्हरसाहेब कसेबसे एकीत मावले. गुडघे कानाला लागले. चिमणीला वाचता कुठे येत होतं? पण बोट ठेवून तिने अख्खी शेळी वाचली, अख्खं माकड वाचलं.

"ते राहू दे, बुटांचं दाखव," बाप म्हणाला.

"बाबा, मध्ये बोलायचं नाही."

मोठ्या बाईंनी पटकन तोंडावर हात धरला.

अखेर हत्ती आला. पिल्लाने पाणी भरलं, आणि पुढच्या पानावर हत्तीचे बाबा पोट धरून हसत होते. चिमणीने त्यांच्यावर बोट ठेवलं.

"हे हसले. तू का नाही हसलास?"

बाप आपल्या ओल्या बुटांकडे बघू लागला.

"तू मी झोपल्यावर येतोस. सकाळी नुसते बूट घालतोस आणि जातोस. म्हणून बुटात भरलं."

बापाने डोळे चोळले आणि तिला उचलायला तो उठला, तर खुर्चीही त्याच्याबरोबर उठली! कमरेला घट्ट. तो वळला तशी खुर्चीने फळ्याला धडक दिली. चिमणी हसता हसता आडवी झाली. आणि मग तोही हसला, असा की डोळ्यांतून पाणी आलं. बाई आणि मोठ्या बाई, दोघींनी दोन बाजूंनी ओढून खुर्ची काढली.

कपाटाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मोठ्या बाईंनी एवढंच बजावलं, "पाणी पुस्तकातच राहू द्या."

आता माझी पाठ चिकटपट्टीने बांधली आहे आणि कोणीतरी वाघाला चष्मा काढलाय. ड्रायव्हर सुट्टीच्या दिवशी वर्गात येतो, सतरंजीवर बसतो आणि चिमणीला मांडीवर घेऊन मला वाचतो. हत्तीचा आवाज काढायला जातो, निघतो बेडकाचा. पण त्याला सांगू नका, बिचारा फार मन लावून काढतो.

माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरी असेल, तर त्याला जपून ठेवू नका हो. मळू द्या, चुरगळू द्या. आणि वाचताना पोरं मध्ये बोलली तर खुशाल बोलू द्या.

बरं, येतो मी. एक चिकट हात माझ्याकडे येतोय.