मिटायचा राहिलेला कोपरा

दुपारी घर निवलं की राणी सोफ्याला भरवायची.

आधी उत्कर्षाला त्याचं कौतुक वाटलं. दीड वर्षाची पोर. बाहुलीला भरवते, चपलेला भरवते, तशी सोफ्याला. पण बाहुलीला भरवताना ती खिदळायची. सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यापाशी मात्र आवाज बारीक करून म्हणायची, "खा, बाळ, खा," आणि थांबायची. समोरच्यानं चावून गिळेपर्यंत आपण थांबतो ना, तशी. मग पुढचा घास. साखर सांडायचा अवकाश की मुंग्यांची रांग लागायची, असं ते विश्रामबागेतलं घर. त्या कोपऱ्याकडं मात्र एक मुंगी फिरकत नव्हती.

तो कोपरा सासूबाईंचा. साळूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण हयात असताना त्यांनी तिथं कुणाला टेकू दिलं नव्हतं. नवी नवरी उत्कर्षा एकदा बसायला गेली, तर "हिकडं बस गं, ऐसपैस," म्हणत त्यांनी हाताला धरून तिला दुसरीकडं नेलं होतं. आता जागा रिकामी होती, तरी बैठक खोलगटच राहिली होती. आणि राणी निजल्यावर कधीकधी आतली स्प्रिंग कण्हायची. जरा वेळानं पुन्हा. कुणी बसल्यासारखी, कुणी उठल्यासारखी.

"रविवारी टेम्पो येतोय," उत्कर्षाचा नवरा वीरधवल म्हणाला. "हा घेऊन जातील, बदल्यात नवा देतील. रेक्झिन फाटलंय, स्प्रिंगा वर आल्यात. आपल्याकडं पाव्हणा आधी किंचाळतो, मग चहा घेतो."

"सागवान हाय ते," सासरे केरबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "कोयनेच्या क्वार्टरमधी समोर बसून करून घेतलाय. भूकंपाचं किती हादरं खाल्लं, एक सांधा हालला न्हाई."

"आबा, माणूस सांध्यावर बसतं का गादीवर?"

"मग गादी बदल की. झूल फाटली म्हणून बैल इकतंय व्हय कुणी?"

वीरधवलनं बायकोकडं बघितलं. "तू सांग. दिवसभर तूच असतेस याच्यासोबत."

घालवा, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सासऱ्यांची नजर पेपरावरून उठून त्या कोपऱ्यावर गेलेली तिला दिसली. "आधी माधवनगरचा कुशनवाला बघून जाऊ दे," ती म्हणाली. तो म्हणेल, यात काही राम नाही; मग कोपरा घराबाहेर जाईल आणि आपल्या तोंडून शब्दही जायला नको, असा तिचा हिशेब.

शनिवारी कुशनवाला अमृत आला. सोफा ठोकून बघितला, लाकडावर खूश झाला आणि पक्कड घेऊन डाव्या कोपऱ्याशी बसला.

"त्यो कोपरा उसवू नगंस," केरबा म्हणाले.

"आवं आजोबा, तोच तर फाटलाय. दात दुखतोय आन् तोंड उघडायचं न्हाई, मग कसं व्हायचं?"

केरबा उठून गॅलरीत गेले.

बारीक खिळे निघाले, रेक्झिन सोलून आलं आणि अमृत हसला. "वैनी, हितं उंदराचं लगीन झालंय बघा!" आत बिस्किटांचे तुकडे, चपातीचे कुटके, वाळून काळं पडलेलं केळं. राणीनं फटीतून सारलेले घास. म्हणजे एवढंच होतं होय, म्हणून उत्कर्षानं सुस्कारा सोडला. अमृतनं वाकून बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. "पण उंदरानं तोंड न्हाई लावलेलं. मुंगीनंबी न्हाई."

काथ्यावर एक वाकळ होती. जुन्या लुगड्यांची गोधडी, पाळण्याच्या मापाची. तीन कोपरे नीट मिटवलेले. चौथा उघडा, त्यातून दोरा लोंबत होता आणि दोऱ्याला गंजलेली सुई. सगळे घास त्या उघड्या कोपऱ्याच्या तोंडाशी गोळा झाले होते. ती जागा बैठकीच्या पार मागं. फटीतून राणीचा हात तिथवर पोचणंच शक्य नव्हतं.

उत्कर्षानं वाकळ उचलून घेतली. तिचं माहेर आटपाडीकडचं. तिची आई वाकळ शिवायची तेव्हा शेवटचा कोपरा मिटवण्याआधी त्यात भाकरीचा तुकडा ठेवायची. घास भरल्याबिगर वाकळ उपाशी राहते, आणि उपाशी वाकळ निजू देत नाही, म्हणायची.

ती गॅलरीत गेली. "मामा, ही कुणाची?"

केरबांनी वाकळ हातात घेतली नाही. नुसता अंगठा फिरवला. "वीरूच्या आधीची. पोरगी झालती. बारशाला पाळण्यात घालायची म्हणून साळू शिवत हुती. घास भरून कोपरा मिटवायचा, तेवढंच ऱ्हायलं हुतं. बारशाआधीच गेली. नावबी न्हाई ठिवलं." मग म्हणाले, "मी म्हणलं, टाक शिवून. तर म्हणली, कोपरा मिटला की माझी पोर गेलीच. मग वाकळ सोफ्यात घातली आन् जल्मभर वर बसली. खुडूक कोंबडी बसती तशी."

"पण मामा," उत्कर्षा म्हणाली, "उपाशीच ठेवली की हो तिला."

केरबांनी मान वर केली. हे त्यांच्या कधी मनातच आलं नसावं.

तिनं वीरधवलला फोन लावून टेम्पोला नको सांगितलं. तवा ठेवला, तळहाताएवढी भाकरी थापली. तुकडा मोडून सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांच्या बोटांना कोपरा सापडेना, तेव्हा तिनं तो धरला. त्यांनी घास आत सारला आणि पुटपुटले, "खा, बाळ." आवाज बारीक करून, अगदी राणीसारखा. ते शब्द राणीला कुणी शिकवले असतील, ते उत्कर्षाला कळेना. केरबा तर नातीशी कधी असं बोलले नव्हते, आणि साळूबाई गेल्या तेव्हा राणीला बोलताही येत नव्हतं.

नव्या सुईनं तिनं कोपरा मिटवला. वाकळ होती तिथंच ठेवली. वर अमृतनं नवा फोम घातला, निळं कापड ताणून बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी राणी बिस्किट घेऊन कोपऱ्याशी गेली. हात पुढं केला, थांबली. मग वळून आईकडं बघितलं, ओठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "निजली." बिस्किट स्वतःच खाल्लं.

स्प्रिंग वाजली नाही. कोऱ्या कापडावर मात्र एक लहानसा खळगा पडला होता, तान्ह्याच्या उशीएवढा.

उत्कर्षा पहिल्यांदाच त्या कोपऱ्याच्या शेजारी जाऊन टेकली. हळूच, कुणाची झोप मोडू नये अशी.