गिऱ्हाइकाची भाषा

होसियतने सुनेच्या हातातली चहाची वाटी काढून घेतली आणि आपल्या गुडघ्याआड ठेवली.

"परत माग."

"आई, द्या ना. घसा सुकलाय."

"सुकू दे. त्या भाषेत माग. घसा ओला झाला की तू आळशी होतेस."

बारनोने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं आणि कोरियन भाषेत चहा मागितला. होसियतने तिला शांतपणे दुसऱ्यांदा म्हणायला लावलं आणि मगच वाटी पुढे केली. बाजेवर बसून खरबूज खाणारी शेजारीण तुरसुनोय हसली.

"सासू असावी तर अशी! अगं, पोलीस बरे तुझ्यापेक्षा."

"तुझ्या सुनेला आपली भाषा तरी धड येते का ते बघ आधी," होसियत म्हणाली.

वसंतात उल्मसचा फोन आला तेव्हापासून हे चाललं होतं. उल्मस तिचं शेंडेफळ, बारनोचा नवरा. थोरले दोघे लग्नं होताच वेगळे झाले होते, रीतच तशी. घर आणि आई धाकट्याकडे. पण धाकटाच कोरियातल्या कारखान्यात गेला आणि तीन हिवाळे तिकडेच राहिला. आता म्हणत होता, पानगळीत येतो. आपल्या गावी, मर्गिलानमध्येच दुकान टाकू, आईच्या रेशमी रजया ठेवू; तिकडचे व्यापारी येतात, त्यांच्याशी बोलायला बारनोला भाषा आली पाहिजे.

बारनो शिकवणीला जाऊ लागली. पेटीवर, हंड्यावर, दारावर तिने कोरियन शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. तिच्या छोट्या लेकीने, असिलाने, एक मांजराला चिकटवली. होसियतने आठवडाभर हे सहन केलं. मग म्हणाली, "हंडा तुझ्याशी बोलणार आहे का? बोलणारं माणूस धर." आणि स्वतःच पुढ्यात बसली.

तिची शाळा कापूस वेचण्यात वाहून गेली होती. रशियन ती बाजारात शिकली, फौजी अधिकाऱ्यांच्या बायकांना रजया विकता विकता. त्या बायका नाकं मुरडत, ही हात नाचवत असे. एका हिवाळ्यात तिला शिव्यांसकट सगळं येऊ लागलं. भांडण हीच तिची शाळा. म्हणून रोज दुपारी ती गिऱ्हाईक व्हायची आणि बारनो दुकानदारीण.

"रंग जाईल ह्याचा."

बारनो कोरियनमध्ये उत्तर द्यायची.

"शिलाई वाकडी आहे. पलीकडे स्वस्त मिळते."

बारनो अडखळायची. होसियत चिमटा काढायची. उत्तर बरोबर आलं की नाही ते तिला कळायचं नाही, पण उशिरा आलं की लगेच कळायचं.

"आता मी उठून चालले. रागाने काय म्हणते मी? 'परत येणार नाही.' म्हण."

"हे शिकवलं नाही आम्हाला."

"तुझ्या मास्तराने जन्मात दुकान पाहिलेलं दिसत नाही! विचारून ये उद्या."

बारनो विचारून आली. मग उन्हाळाभर त्या दोघी ते वाक्य एकमेकींच्या अंगावर फेकत राहिल्या. अंगणात, गोठ्यात, कपडे पिळताना. होसियतची जीभ म्हातारी होती, पण कान बाजारात तयार झालेले. त्या कानांत कोरियन किती साठलंय ते तिला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगायचा तिचा स्वभाव नव्हता.

खरबुजं संपत आली तेव्हाची गोष्ट. उल्मसचा फोन आला. फोनच्या काचेत त्याचा चेहरा भरलेला दिसत होता. आईची तब्येत विचारून झाली, थंडीचं विचारून झालं.

"आई, आता आम्ही जरा सराव करतो हं," तो म्हणाला.

"करा की. मी कुठं आड आले?"

होसियत मांडीवर रजई घेऊन टाके घालत राहिली. बारनो बोलू लागली आणि म्हातारीची मान अभिमानाने ताठ झाली. पोरगी अडखळत नव्हती. कोपऱ्यावरच्या नळासारखी वाहत होती. माझ्या हातची आहे, होसियतने मनात म्हटलं.

मग शब्द कळू लागले. ते गिऱ्हाइकाचे नव्हते. घर. दोन खोल्या. असिलाची शाळा. हिवाळ्याआधी. बारनोने हळू आवाजात काही विचारलं, त्यात 'आई' होतं. उल्मस म्हणाला, नंतर सांगू. आणि मग ते वाक्य त्याच्या तोंडून आलं, परत येणार नाही. त्यात राग नव्हता. ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं तो म्हणाला. बारनोने मान हलवली.

फोन ठेवल्यावर होसियतने विचारलं, "काय म्हणत होता गं?"

"काही नाही आई, दुकानाचंच."

"हं. छान बोलतेस आता."

ती उठायला गेली तर रजई तिच्यासोबतच उठली. तिने ती स्वतःच्या झग्यालाच शिवून टाकली होती. असिला खदाखदा हसली. होसियतने दाताने धागे तोडले, एकेक करून.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारनो समोर येऊन बसली. होसियत म्हणाली, "आज गिऱ्हाईक नाही," आणि कापूस पिंजायला गेली.

पानगळीत उल्मसला म्हणे कारखान्याने सोडलं नाही. बारनोनेच जायचं ठरलं, असिलाला घेऊन, थोड्या दिवसांसाठी. "आम्ही त्याला घेऊनच येतो, आई," ती म्हणाली. होसियतने सुका मेवा बांधून दिला, नातीला नवी रजई दिली, एक शब्द वावगा काढला नाही. तुरसुनोयला तिची काळजी वाटू लागली.

निघायच्या सकाळी गाडी दाराशी उभी होती. होसियत तंदूरचा गरम नान घेऊन उंबऱ्यात आली. लांबच्या वाटेला निघालेल्याने नानचा एक घास चावायचा, उरलेला घरात खिळ्याला टांगून ठेवायचा आणि परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा. उल्मसच्या दातांची खूण असलेला नान तीन हिवाळे भिंतीवर होता.

तिने नान दोन्ही हातांनी सुनेपुढे धरला. तोंडाने काहीही बोलता येतं, कुठल्याही भाषेत. हे तिला बाजाराने शिकवलं होतं. पण नानवर दात उमटवून खोटं कोण बोलणार? पोरगी थबकेल. रडेल. तेवढं पुरे होतं तिला. मग होसियत सगळं ऐकून घ्यायला तयार होती.

बारनोने नान घेतला. मोठा घास चावला, सावकाश चावून गिळला आणि उरलेला नान अदबीने सासूच्या हातात दिला.

"लवकर येतो, आई."

"जा," होसियत म्हणाली.

गाडी वळली. तुरसुनोय डोळे पुसत आत आली, तर होसियत बाजेवर बसली होती. पुढ्यात चहा होता. भिंतीवरचा खिळा मोकळा होता. उल्मसचा दगडासारखा नान ती गुडघ्यावर मोडत होती, तुकडे वाटीत बुडवत होती. शेजारी बारनोचा नान, वाफ अजून न गेलेला.

"अगं बाई, काय करतेस हे! त्यांचा आहे तो!"

होसियतने भिजलेला तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"बस," ती म्हणाली आणि बारनोचा नान तिच्याकडे सरकवला. "तूही घे. ताजा आहे तो."