जादा ब्रेक

मास्तरांनी गाडीचं दार दाणकन आपटलं आणि किल्ली फिरवली.

"पट्टा, सर," शेजारी बसलेली परीक्षक म्हणाली.

"मला शिकवतेस? तुला गाडी कोणी शिकवली?"

तिने मांडीवरच्या परीक्षेच्या कागदावर तारीख टाकली. अर्ध्या गावाला गाडी शिकवून मास्तर निवृत्त झाले होते, आणि आता सुनेने फर्मान काढलं होतं: जुन्या चालकांचा उजळणी वर्ग पुरा करा, चाचणी पास व्हा, मगच नातीला शाळेत सोडायला न्या. आठवडाभर ते बाकावर बसून रस्त्यावरच्या खुणा ओळखत होते, नुसते धुमसत. त्यातही राग या पोरीचा. हिला क्लच कळेपर्यंत त्यांच्या नाकी नऊ आले होते, आणि आज हीच त्यांची परीक्षा घेणार!

"पुढे डावीकडे घ्या."

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून. सुनेला काय, सासऱ्याला वर्गात बसवलं की मोठेपणा..."

बोलता बोलताच त्यांनी वळण घेतलं. उभ्या टेम्पोच्या आडून एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात आली.

गाडी गचका खाऊन जागीच थांबली. इंजिन बंद पडलं. बाईने हातवारे करत शिव्या घातल्या आणि बाबागाडी पलीकडे नेली.

"छान थांबवलीत, सर," परीक्षक म्हणाली. "झालात पास."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून अॅक्सिलरेटरवरच होता. ब्रेक तिने दाबला होता, शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो जादा ब्रेक. आपण गुपचूप गाडी थांबवायची आणि शाबासकी नवख्याला द्यायची, म्हणजे त्याचा हुरूप टिकतो. ही तर त्यांचीच युक्ती.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"खोटं का बोलतेस?"

"सर, तुम्हीच तर असं..."

"शिकाऊ पोरांना! त्यांच्या शेजारी दुसऱ्या दिवशी परत मीच असायचो. माझ्या गाडीत कोण असणार आहे? सहा वर्षांची पोर!" मास्तरांचा आवाज चिरकला. "नापास लिही. लिही म्हणतो ना!"

तिने लिहिलं. मास्तरांनी गाडी सुरू करून कडेला घेतली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"उद्या वर्ग किती वाजता?" ते तिच्यावरच खेकसले.