गवताचा कुश

सुरतेच्या गोडादऱ्यात धुरपदाबाईंच्या ओट्यावर रोज दुपारी रामायण बसायचं. जवळच्या पर्वत पाटियाहून साड्यांची पोटली यायची, बाया साड्यांचे लोंबते धागे कापायच्या आणि धुरपदाबाईंचं तोंड चालायचं. साठी उलटली होती, पण एक शब्द इकडचा तिकडे होईल तर शपथ! अमळनेरकडच्या आपल्या आईनं सांगितलं तस्संच त्या सांगत, आणि याचा त्यांना भारी गर्व होता.

तो मोडायलाच जणू, प्लेगच्या पुढल्या वर्षी जालन्याकडची मंदा शेजारी राहायला आली. हाताला चलाख आणि जिभेला त्याहून. धुरपदाबाईंनी हनुमानाला मांजर करून लंकेत शिरवलं, की मंदा म्हणणार, "आमच्याकडं माशी झाला होता." यांनी पुलावर खार आणली, की तिची चिमणी तयार.

"मी ऐकी तशीच सांगस," धुरपदाबाई चिडल्या की थेट अहिराणीत शिरत. "कथा काय तुनी भाजी शे का, हवी तशी फोडणी द्याले?"

बायांची मात्र चंगळ. भांडण रंगलं की पोटलं भराभर उरकायचं.

लवकुशाचा दिवस उजाडला तेव्हा सगळ्या वेळेआधीच येऊन बसल्या. मंदानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, ते जुळे होते. आज हिची जिरवायचीच, असं ठरवून धुरपदाबाईंनी पदर खोचला. सीतेला एकटा लवच झाला, त्या म्हणाल्या. एकदा ती न सांगता त्याला कडेवर घेऊन पाण्याला गेली. इकडे ऋषीनं रिकामा पाळणा पाहिला आणि त्याची पाचावर धारण बसली. मग त्यानं कुश गवताचं बाळ केलं, त्यात जीव घातला आणि पाळण्यात ठेवलं. सीता परतते तो काय, एक कडेवर, एक पाळण्यात!

मंदाच्या दोन्ही पोरी घड्या घालता घालता ऐकत होत्या. धाकटी चंचल तिची स्वतःची. आठ वर्षांची अश्विनी तिच्या वारलेल्या बहिणीची, दिवाळीनंतर आणलेली. ती अजून मंदाला मावशीच म्हणायची.

"आजी," अश्विनीनं विचारलं, "मग सीतामाईला कोणता जास्त आवडायचा?"

उत्तर धुरपदाबाईंच्या ओठांवरच होतं. पोटचा तो पोटचा, गवताचा तो गवताचा. आईचं वाक्य होतं, आणि त्यावर बाया हमखास हसायच्या. तेवढ्यात त्यांची नजर मंदाकडे गेली. मंदाची कात्री थांबली होती. ही भांडखोर बाई आज पहिल्यांदाच डोळ्यांनी नुसती विनवत होती.

आणि धुरपदाबाईंना आठवलं, आई हे वाक्य मोठ्यानं म्हणायची तेव्हा समोर कोण असायचं. आईची सवत, मांडीवर दत्तक पोर घेऊन. म्हणजे हे रामायणातलं नव्हेच! आईनं तिला टोचायला मधे घातलेलं, आणि आपण ते चाळीस वर्षं देवाच्या प्रसादासारखं वाटत आलो! त्यांना आईचा रागही आला आणि कीवही.

"जास्त कोणता?" त्या म्हणाल्या. "अगं, आठ दिवसांत तिलाच ओळखू येईना, पोटचा कोणता अन् गवताचा कोणता! एकाला दोनदा न्हाऊ घालायची, दुसरा तसाच."

पोरी खिदळल्या. "ऋषीला विचारायचं ना!" चंचल म्हणाली.

"विचारलं की. तो म्हणे, मीबी विसरलो."

धुरपदाबाईंनी घाम पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पदरचं घातलं होतं, आणि पकडायला समोर मंदाच होती. शेजारी धागे कापणाऱ्या सरलाबाईंनी तिला डिवचलंच, "काय गं, तुमच्याकडं तर जुळे ना?"

मंदानं मान खाली घालून एका साडीचा नसलेला धागा कापला.

"न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं बी असंच हाय. फकस्त थंडीत सीतामाई कुशाला पोटाशी घेऊन निजायची. गवताचं अंग, लवकर गार पडायचं त्याचं."

"हां," धुरपदाबाई म्हणाल्या, "ते सांगायचंच राहिलं माझं."